ब्रॉयलरच्या मांसात औषध राहिलंय का ते कसं तपासायचं, सॅम्पल कुठं द्यायचं?

शेडवाला_नंदगड:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण शेवटपर्यंत वाचा, माझं काम अडलंय.

खानापूर तालुक्यात माझं ३००० पक्ष्यांचं शेड आहे. सात वर्षं कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर केलं. पिल्लं त्यांची, फीड त्यांचं, औषधं त्यांची, आपलं फक्त शेड, पाणी, लाईट आणि घरातल्या सगळ्यांचं राबणं, बदल्यात किलोमागं ग्रोइंग चार्ज. गेल्या बॅचपासून स्वतःची पिल्लं घालायलोय. आता गोव्यातला एक हॉटेलवाला एका लॉटला ५०० पक्षी घ्यायला तयार झालाय, बाकीचा माल व्यापारी उचलेल. चोर्ला घाटातनं आमच्या भावाची भाजीची गाडी रोज जातेच, त्यामुळं वाहतुकीचं टेन्शन नाही. पण हॉटेलवाल्याची एकच अट, मांसात अँटिबायोटिक नाही असा लॅबचा रिपोर्ट पाहिजे.

आता खरं काय ते सांगतो, लपवत नाही. चालू बॅचला २६ व्या दिवशी पक्षी शिंकायला लागले. पावसाची झड होती, पडदे दोन दिवस खाली सोडलेले, आत अमोनिया साठला, आपल्याच डोळ्यांत झोंबायचा. रात्री दहाला लाईट बंद करून शेडात नुसतं उभं राहिलं की चारी बाजूनं खर्र खर्र आवाज. झोप लागली नाही त्या रात्री. सकाळी औषधाच्या दुकानात गेलो, त्यानं एन्रोफ्लॉक्सासिन ह्या अँटिबायोटिकची बाटली दिली, २७ ते ३१ असे पाच दिवस टाकीतनं पाजलं. आवाज थांबला, मर पण थांबली. आज ३४ वा दिवस आहे आणि ४० ला लिफ्टिंग, म्हणजे माल उचलणं, धरलंय.

तर विचारायचं असं की हे टेस्टिंग बेळगाव भागात कुठं होतं का? पक्षी जिवंत न्यायचा का मांस? छातीचं मांस का लिव्हर? एक पक्षी पुरतो का? आणि मुख्य म्हणजे माझ्या पक्ष्यात आता ते औषध असेल का गेलं असेल? बाटलीवर विड्रॉलचे दिवस, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती दिवस पक्षी कापायचा नाही ते, शोधले, मला तर ती ओळच दिसेना. कुणी केलेलं असेल तर सांगा की.

निपाणीची_लॅबवाली:

दादा, मी मूळची निपाणीची, आता बाहेर असते, आणि नऊ वर्षं हेच काम करते, मांस, अंडी, दुधातले औषधांचे अंश तपासायचं. जमेल तेवढं सांगते.

सगळ्यात आधी एक. "अँटिबायोटिक नाही" असा रिपोर्ट कुठलीच प्रामाणिक लॅब देऊ शकत नाही. लॅब सांगते ते एवढंच की ह्या सॅम्पलमध्ये ही ही औषधं शोधली आणि ती इतक्या प्रमाणाच्या वर सापडली नाहीत. यादीत नसलेलं औषध मांसात कितीही असू दे, रिपोर्ट कोराच येणार. म्हणून सॅम्पल देताना लॅबला स्पष्ट लिहून द्या, "एन्रोफ्लॉक्सासिन दिलं होतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत". लोक हे लपवतात, त्यांना वाटतं सांगितलं तर लॅब मुद्दाम शोधेल. अहो, मुद्दाम शोधावं म्हणूनच तर पैसे देताय तुम्ही.

आणि एन्रो मागितलं की सिप्रोफ्लॉक्सासिन पण मागा. पक्ष्याच्या शरीरात एन्रोचा काही भाग सिप्रो होतो, आणि युरोपच्या नियमात दोन्हींची बेरीज धरतात. तिथली मर्यादा कोंबडीच्या मांसात किलोला १०० मायक्रोग्रॅम, लिव्हरमध्ये २००, किडनीत ३००. हा आकडा डोळ्यासमोर येत नाही म्हणून तुमच्याच हिशेबात सांगते. तुमचे ५०० पक्षी दोन किलोचे धरले तर एक टन वजन. त्या अख्ख्या टनात सगळं मिळून ०.१ ग्रॅम औषध एवढीच ती मर्यादा. तुमच्या बाटलीतला एक थेंब कितीतरी पक्ष्यांना नापास करू शकतो. आपल्याकडं एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, स्वतःची यादी आहे, आणि जे औषध त्या यादीत नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे १० मायक्रोग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. रिपोर्टवर मिळालेल्या आकड्याशेजारी मर्यादा आणि ती कुठल्या नियमाची ते छापून मागा, नाहीतर हॉटेलवाला विचारेल आणि तुम्हाला सांगता यायचं नाही.

टेस्टचे दोन प्रकार समजून घ्या. एक स्क्रीनिंग, म्हणजे चाळणी. त्यात जंतूंवर चालणारी टेस्ट असते, एलायझा किट असतं, पट्टी असते. जंतूवाल्यात एक छोटी अँप्युल मिळते, आत जिओबॅसिलस नावाच्या जंतूचे स्पोअर असतात, मांसाचा रस घालून गरम ठेवायचं, जंतू वाढला की रंग जांभळ्याचा पिवळा होतो, औषध असलं की जंतू वाढत नाही आणि जांभळाच राहतो. चार तासांत काम होतं, स्वस्त पडतं, पण तुमच्यासाठी ती उपयोगाची नाही. तो जंतू पेनिसिलिन गटाला लगेच मरतो, एन्रोच्या गटाला मात्र निबर आहे. म्हणजे तुमचं सॅम्पल तिथं पास होईल आणि मांसात एन्रो असेल. तुम्हाला कुणी "साहेब साडेतीनशेत करून देतो" म्हटलं की कुठल्या पद्धतीनं करणार ते आधी विचारा.

दुसरी म्हणजे एलसीएमएस-एमएस, औषध त्याच्या कणाच्या वजनावरनं ओळखणारं मशीन. हिचाच रिपोर्ट वादात टिकतो. आम्ही काय करतो ते सांगते. मांसाची चरबी आणि कातडं काढून मिक्सरला बारीक करतो, २ ग्रॅम वजन करून प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये घेतो, त्यात आधी इंटर्नल स्टँडर्ड टाकतो म्हणजे तेच औषध पण जड हायड्रोजनवालं, त्यामुळं मधे कुठं काही सांडलं-हरवलं तरी हिशेब लागतो. मग अ‍ॅसिटोनायट्राइल, हलवणं, सेंट्रिफ्यूज, वरचा निवळ काढून हेक्झेननं चरबी धुणं, नायट्रोजनखाली आटवणं, आणि मशीन. मशीन एन्रोचा ३६० वजनाचा आयन पकडतं, मोडतं, आणि त्यातनं ३१६ चा आणि ३४२ चा तुकडा पडला का बघतं. दोन्ही तुकडे, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या प्रमाणात, असं सगळं जुळलं तरच आम्ही "आहे" म्हणतो. एक जुळलं आणि एक नाही जुळलं तर परत करतो. टेट्रासायक्लिनला पद्धत थोडी वेगळी, ते कॅल्शियमला आणि धातूला चिकटतं म्हणून ईडीटीए घातलेलं बफर लागतं, काचेची ट्यूब टाळतो.

सॅम्पलचं सांगते. जिवंत पक्षी कुणी घेत नाही. मांस वेगळं आणि लिव्हर वेगळं द्या, एकत्र करू नका, मर्यादा वेगळ्या आहेत. लिव्हर-किडनीत औषध जास्त साठतं, त्यामुळं लिव्हर चोख निघाली तर मांसाची काळजी कमी. एका पक्ष्यावर जाऊ नका. टाकीतनं औषध पाजलं की कुणी भरपूर पितो, आजारी असतो तो कमी पितो, एकाच शेडात दोन पक्ष्यांत फरक पडतो. शेडाच्या वेगवेगळ्या भागातले पाच-सहा पक्षी घ्या. सगळे एकत्र वाटून एकच सॅम्पल केलं तर खर्च वाचतो पण एखादा जास्तीचा पक्षी त्यात विरघळून जातो, हे लक्षात ठेवा. मांसाची पिशवी पाव किलोच्या आसपास, झिप पिशवी, हवा काढून, पक्क्या शाईनं नंबर, आणि सरळ डीप फ्रीजरला. पाठवताना थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक. वाटेत वितळलं तर लॅबनं नाकारायला पाहिजे, नाकारत नसेल तर ती लॅब सोडा.

लॅब शोधायची तर एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, वेबसाईटवर प्रत्येक लॅबचा स्कोप, म्हणजे कशात काय तपासायची मान्यता आहे ती यादी, उघडा दिसतो. नुसतं एनएबीएल असून चालत नाही, स्कोपमध्ये चिकन किंवा मीट आणि त्यापुढं एन्रोफ्लॉक्सासिन अशी ओळ पाहिजे. पाण्याचा स्कोप असलेली लॅब चिकनचं सॅम्पल घेऊन दुसरीकडं पाठवते असं पण होतं. हैदराबादजवळ चेंगीचेर्लाला आयसीएआरची (सरकारी शेती संशोधन परिषद) मांसावरची संस्था आहे, खाजगी म्हटलं तर पुणे, बेंगळुरू, हैदराबाद. बेळगावातनं रात्रीच्या बसनं पुणे सोपं पडतं.

चंदगडचा_पोल्ट्रीवाला:

ताईनी लॅबचं सांगितलं, मी माझं सांगतो. मी महाराष्ट्रातला, पण बाजार माझा बेळगावच.

मागच्या वर्षी मी अख्खी बॅच औषधाशिवाय काढली. खरोखर एक थेंब नाही. लसी तेवढ्या केल्या. छाती फुगवून सॅम्पल पाठवलं आणि रिपोर्ट आला तर डॉक्सीसायक्लिन, ते पण अँटिबायोटिकच! मर्यादेच्या खाली होतं पण होतं. मी लॅबला फोन करून भांडलोच, म्हटलं तुमचं सॅम्पल बदललंय. तिथल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, फीडचं पोतं शिल्लक असेल तर पाठवा. पाठवलं. फिनिशरच्या पोत्यात डॉक्सी. कंपनीचं नाव घेत नाही. फीडवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं की त्याच मिक्सरमधनं आधी औषध घातलेलं फीड काढलं होतं आणि मधे मिक्सर मोकळा चालवलाच नाही. शेवटच्या आठवड्याचं फीड तेच, म्हणजे कापायच्या दिवसापर्यंत पक्षी औषध खातोय आणि मालकाला पत्ता नाही.

अजून एक चूक माझीच होती. तूस महाग झालंय म्हणून जुन्याच लिटरवर, म्हणजे शेडात खाली अंथरलेल्या तुसावर, थोडं नवं भाताचं तूस पसरून पिल्लं सोडली होती. पक्षी लिटर टोचतो, खातो. आधीच्या बॅचचं विष्ठेतनं बाहेर पडलेलं औषध परत पोटात जातं. नायकार्बाझीनसारख्या कॉक्सीच्या (आतड्याचा आजार) औषधांचं तर असं हमखास होतं म्हणाल्या मॅडम. तेव्हापासून लिटर पूर्ण काढतो, शेताला घालतो, शेड धुतो, चुना मारतो, मगच नवं.

तुमच्याकडं ज्या टाकीतनं औषध पाजलं तीच टाकी अजून चालू असणार. टाकीच्या तळाला आणि पक्षी पाणी पितात त्या निपलच्या लाईनला जो बुळबुळीत थर धरतो त्यात औषध बसतं. आजच लाईन फ्लश करा, शेवटचं टोक उघडून पाणी पार स्वच्छ येईपर्यंत सोडा. आणि उरलेली बाटली घरात कुठं ठेवलीय ते घरच्यांना सांगून ठेवा, माझ्या शेडावरच्या माणसानं एकदा चांगलं म्हणून ३८ व्या दिवशी परत ओतली होती.

शेडवाला_नंदगड:

अक्का, दादा, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. लाईन आता संध्याकाळी फ्लश केली, पहिली बादली बघून लाज वाटली, हिरवट पिवळं पाणी आणि त्यात तुकडे तरंगत होते. तेच पाणी पक्षी पीत होते.

बाटलीचं अजून कोडं आहे. विड्रॉल लिहिलेलंच नाही तर दिवस किती धरायचे? दुकानदार म्हणतो तीन दिवस बास. कंपनीचा सुपरवायझर होता तो म्हणायचा पाच.

गुरांचा_डॉक्टर:

मी बिदरला शिकलो, आता अथणी-चिकोडी भागात प्रॅक्टिस करतो. दुकानदाराचं ऐकू नका.

ह्याला कायदा आहे. १९४५ चे ड्रग्ज रूल्स, त्यातला नियम ९७, त्यात २०१२ साली भर घातली. खाण्यासाठीच्या जनावराला द्यायच्या औषधावर विड्रॉलचे दिवस लिहायलाच पाहिजेत. आणि त्या जातीच्या जनावरासाठी कंपनीनं दिवस ठरवलेले नसतील तर अंडी आणि दुधाला कमीत कमी ७ दिवस, आणि कोंबडी काय बकरं काय, मांसाला कमीत कमी २८ दिवस. हा २८ दिवसांचा हिशेब तुमच्यावर मांडून बघा. शेवटचा डोस ३१ व्या दिवशी, त्यात २८ म्हणजे ५९ वा दिवस. ब्रॉयलर ५९ दिवस ठेवायचा म्हणजे फीडमध्येच माणूस बुडेल. उलट बाजूनं, ४० ला पक्षी काढायचा तर असलं बिनदिवसाचं औषध १२ व्या दिवसानंतर देताच येत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बाटली हातात घेतल्यावर किंमत नंतर बघा, आधी ही ओळ बघा, आणि ओळ नसेल तर बाटली परत द्या.

तुमच्या बाटलीचं म्हणाल तर आधी खोका शोधा. बाटलीचं लेबल लहान असतं, खोक्यावर किंवा आतल्या घडीच्या कागदावर बहुतेक वेळा असतं. युरोपात १० टक्के एन्रोच्या पाण्यातनं द्यायच्या औषधाला कोंबडीच्या मांसासाठी ७ दिवस लिहिलेलं असतं, आपल्याकडं ब्रँडप्रमाणं फरक पडतो. आपल्या खोक्यावर जे असेल तेच पाळायचं, दुसऱ्याच्या बाटलीवरचं नाही.

दुसरं, तुम्ही न विचारलेलं पण सांगतो. शिंकणारा पक्षी दिसला की एन्रो ही सवय मोडायला पाहिजे. तुमच्या वर्णनावरनं निम्मा आजार अमोनियाचा होता. पडदे खाली, ओलं लिटर, त्यानं श्वासनळी सोलून निघते आणि मग कोलाय, मायकोप्लाझ्मा असले जंतू आत घुसतात. पडदा वरच्या बाजूनं हातभर उघडा ठेवला असता, लिटर खालवर करून चुना मिसळला असता तर कदाचित बाटली लागलीच नसती. आणि लागली तरी दोन मेलेले पक्षी जवळच्या पशुवैद्यकाकडं घेऊन जा, पोस्टमॉर्टेम करून घ्या, कल्चर करून, म्हणजे जंतू वाढवून, कुठलं औषध लागू पडतं ते बघू द्या. अमेरिकेनं कोंबड्यांना एन्रो द्यायचं २००५ सालीच बंद केलं, कारण कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जुलाबाचे जंतू त्याला जुमानेनात आणि माणसाचा सिप्रो पण त्यामुळं निकामी व्हायला लागला. आपल्याकडं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना द्यायचं जुलै २०१९ मध्ये बंद झालं ते ह्याच कारणानं, दवाखान्यात आयसीयूमध्ये शेवटचं म्हणून जे औषध काढतात ते आपण पिल्लांना फीडमध्ये घालत होतो. जुन्या दुकानात अजून पडलेलं कुणी देऊ केलं तर हात लावू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचं तेच.

निपाणीची_लॅबवाली:

डॉक्टरांनी नायट्रोफ्युरानचं नाव काढलं म्हणून जोडते. ते औषध पक्ष्याच्या अंगात काही तासांत मोडतं, म्हणून लोकांना वाटतं सापडणार नाही. पण त्याचे तुकडे मांसाच्या प्रोटीनला चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. आम्ही मांस आम्लात घालून, वर एक रसायन टाकून ३७ अंशाला रात्रभर ठेवतो, ते चिकटलेले तुकडे सुटतात आणि सकाळी मशीनवर एओझेड, एएमओझेड अशा नावांनी दिसतात. म्हणजे बाटली फेकून दिली, बिल फाडलं तरी मांस बोलतं.

खासबागची_आई:

मधेच बोलते, माफ करा, मी पोल्ट्रीवाली नाही, नुसती खाणारी. माझी मुलगी नऊ वर्षांची, आमच्याकडं आठवड्यातनं दोनदा चिकन होतं. शाळेच्या ग्रुपवर सारखं येतं की चिकनमध्ये हार्मोनची इंजेक्शनं देतात, मुली लवकर मोठ्या होतात. हे टेस्टमध्ये कळतं का? आणि शिजवल्यावर औषध जातं ना? आम्ही कुकरला चांगल्या चार शिट्ट्या करतो. लिव्हर तिला फार आवडते म्हणून विचारते.

गुरांचा_डॉक्टर:

अक्का, हार्मोनचं मनातनं काढून टाका. ३००० पक्ष्यांना पकडून इंजेक्शन कोण देणार, आणि वाढीचं हार्मोन हे प्रोटीन असतं, फीडमधनं घातलं तर पोटात पचून जातं. पक्षी ४० दिवसांत दोन किलोचा होतो तो जात निवडून निवडून तशी केलीय म्हणून आणि फीड तसं आहे म्हणून. आपली गिरिराज घरच्या अंगणात तेच खाऊन एवढी वाढत नाही, जात वेगळी.

पण औषधांची काळजी खोटी नाही. २०१४ साली दिल्लीच्या सीएसई ह्या पर्यावरण संस्थेनं दिल्ली आणि आसपासची ७० सॅम्पल तपासली होती, त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले, काहींत तर एकापेक्षा जास्त.

निपाणीची_लॅबवाली:

शिजवण्याचं मी सांगते. टेट्रासायक्लिन उष्णतेनं बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. एन्रो मात्र उष्णतेला दाद देत नाही, कुकरच्या चार काय आठ शिट्ट्या केल्या तरी. मांसातनं थोडं सुटून रश्शात उतरतं, आणि तांबडा-पांढरा रस्सा तर आपण वाटीवाटीनं पितो. लिव्हर तुमच्या मुलीला द्यायला हरकत नाही, लोह असतं, पण दर वेळी दोनच नग आणि शक्यतो ओळखीच्या माणसाकडची.

तुम्हाला स्वतःला तपासून घ्यायचं असेल तर ग्राहकाला तो हक्क आहे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, कलम ४०. दुकानातनं विकत घेताना दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे, फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडं द्यायचं, १४ दिवसांत रिपोर्ट मिळायला पाहिजे, आणि माल नियमाबाहेर निघाला तर फी परत. बेळगावात विभागीय फूड लॅब आहे. जायच्या आधी विचारून घ्या की औषधांचे अंश तिथं तपासतात का पुढं पाठवतात. अर्ज कन्नडमध्ये असला तर शेजारच्या कुणाला घेऊन जा, त्यात अडू नका.

शेडवाला_नंदगड:

सगळ्यांना सांगायचं म्हणून परत आलो. आज ३७ वा दिवस.

खोका सापडला. बायकोनं त्यात खिळे ठेवले होते. आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, मांसासाठी १० दिवस. म्हणजे ४१ पूर्ण झाल्याशिवाय एकही पक्षी हलवायचा नाही. लिफ्टिंग ४० वरनं ४२ ला ढकललं. व्यापारी चिडला, म्हणाला दोन दिवसांत रेट पडला तर मला बोलायचं नाही. पडू दे. दोन दिवसांच्या फीडचा हिशेब केला, जड आहे, पण आमच्या घरात पण त्याच शेडातला पक्षी कापतो आम्ही, रविवारी पोरं लिव्हरसाठी भांडतात.

हॉटेलवाल्याला काल फोन केला. चंदगडच्या दादांसारखी मला पण छाती फुगवायची होती, पण सरळ सांगितलं की औषध दिलंय, पाच दिवस दिलंय, "अँटिबायोटिक-फ्री" म्हणून मी ही बॅच देऊ शकत नाही, तपासून मर्यादेच्या आत आहे एवढंच लिहून देऊ शकतो. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला रिपोर्ट पाठवा आणि औषध कधी दिलं त्याची वही पण पाठवा. वही नव्हतीच माझ्याकडं. आता केलीय, पोराच्या जुन्या शाळेच्या वहीची उरलेली पानं, तारीख, पक्ष्याचा दिवस, औषध, बॅच नंबर, किती लिटर पाण्यात, कुणी ओतलं. पहिल्या पानावर हीच बाटली.

आज सकाळी सहा पक्षी काढले, दोन ब्रूडरच्या बाजूचे, दोन मधले, दोन टाकीकडचे. छातीचं मांस आणि लिव्हर वेगळं, बारा पिशव्या. पुण्यातल्या ज्या लॅबच्या स्कोपमध्ये चिकन आणि एन्रो दोन्ही दिसलं तिला फोन करून एन्रो, सिप्रो आणि डॉक्सी अशी तीन नावं लिहून दिली. फिनिशरचं पण अर्धा किलो फीड सोबत टाकलंय. अक्का, ३७ ला घेतलेलं सॅम्पल चालेल ना? माझ्या डोक्यात असं की आज मर्यादेच्या आत निघालं तर ४२ पर्यंत कमीच होणार.

निपाणीची_लॅबवाली:

बरोबर विचार केलात. मधे परत औषध पडलं नाही तर आकडा खालीच जातो. पण आज मर्यादेच्या वर निघालं तर घाबरू नका आणि तोच रिपोर्ट लपवू पण नका, ४१ नंतर परत दोन पक्ष्यांची लिव्हर पाठवा. लिव्हरमध्ये मांसापेक्षा आकडा जास्त येईल, ते धरूनच चाला. रात्रीच्या बसला डबा देताना डिकीत इंजिनच्या बाजूला ठेवू नका म्हणून सांगा ड्रायव्हरला.

चंदगडचा_पोल्ट्रीवाला:

आणि जेल पॅक दोन जास्तीचे टाका. आमचं एकदा कात्रजला ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकलं होतं.

शेडवाला_नंदगड:

टाकले, चार आहेत. डबा चिकटपट्टीनं बांधलाय, गाडी रात्री साडेनऊची आहे, मी स्वतः स्टँडवर जाऊन देतो. रिपोर्ट आला की आकड्यासकट हितंच टाकतो, वर निघाला तरी.